दुखणं सांध्याचं की नसेचं? आधी ओळखा, मग मोजून उपाय करा

गुडघा धरतो, मान आखडते, पायात रात्रभर मुंग्या येतात आणि या सगळ्यावर घरात एकच मलम आणि एकच गोळी चालू असते. गोंधळ इथूनच सुरू होतो. सांधा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड त्या सांध्यातच असतो. नस दुखते तेव्हा कळ पोटरीत येते आणि दाब असतो कमरेत. बोटं बधिर होतात आणि मूळ सापडतं मनगटात. सांध्याला मोजूनमापून काम द्यावं लागतं. दबलेल्या नसेला आधी मोकळी जागा द्यावी लागते. दोघांची औषधंही वेगळी आहेत.

एक शब्द आधीच स्पष्ट करायला हवा. बोलताना आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, स्नायूच्या टोकाशी असलेल्या दोरीसारख्या कंडरेला शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही शीरच म्हणतो. त्यामुळे ‘शीर आखडली’ एवढ्यावरून डॉक्टरांनाही काही उमगत नाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

आधी हे पाहा: थांबायचं नाही अशी दुखणी

पुढचं काहीही करण्याआधी या खुणा तपासा. यातली एकही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा.

कंबर दुखते आहे आणि त्याबरोबर लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा सुटतो, सायकलची सीट जिथे टेकते त्या भागात बधिरपणा येतो, दोन्ही पायांतली ताकद जाते: त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दबल्याची ही लक्षणं आहेत. इथे गेलेला वेळ भरून येत नाही. लघवीबद्दल बोलायचा संकोच वाटतो म्हणून लोक ही गोष्ट सांगतच नाहीत. कृपया सांगा.

एकच सांधा अचानक सुजला, लाल झाला, हात लावला तर गरम लागतो आणि अंगात ताप आहे, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवा. चालताना पाऊल उचललं जात नाही, पुढचा भाग जमिनीवर फटकन आपटतो, हेही लगेच दाखवायचं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं आणि शरीराच्या एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं हा पक्षाघात असू शकतो. त्याला ‘नस दबली असेल’ म्हणत बसू नका. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, विनाकारण वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल आणि आता हाडात रात्रंदिवस ठणका असेल, तरीही तपासणी लांबवू नका.

आणखी एक, जे सहसा लक्षात येत नाही. छातीच्या, पोटाच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-चार दिवसांनी तिथे पाण्याचे फोड येतात, ती नागीण. विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी.

दुखणं कुणाचं, हे कसं ओळखायचं

सांध्याचं दुखणं हालचालीशी बांधलेलं असतं. झिजेच्या सांधेदुखीत बसून उठताना पहिली चार पावलं जड जातात, मग सांधा सुटतो, आणि दिवसभर काम झालं की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. हाच ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटांच्या मुळाशी असलेली पेरं आणि मनगटं सुजत असतील, विश्रांतीने बरं वाटण्याऐवजी हालचालीने बरं वाटत असेल, तर तो दाहाचा संधिवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठलेली असते. हे दुखणं अंगावर काढायचं नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. रात्री अचानक पायाच्या अंगठ्याचं मूळ लालबुंद होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा झाला, तर गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे सांध्यात साठून होणाऱ्या संधिवाताचा, संशय घ्या. मात्र अहवालात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसलं एवढ्यावरून प्रत्येक सांधेदुखी गाउट ठरत नाही.

नसेचं दुखणं भाषेवरूनच कळतं. लोक म्हणतात आग होते, चरचरतं, करंट बसतो, सुया टोचतात, कापूस पायाखाली असल्यासारखं वाटतं. दुखण्याबरोबर बधिरपणा असतो. एरवी सुखद वाटावा असा चादरीचा स्पर्शही झोंबतो. आणि नस जिथून जाते तो रस्ता दुखणं धरतं. कमरेतून निघालेली कळ नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्यापर्यंत गेली तर एका मणक्याची नस, टाचेवरून करंगळीकडे गेली तर तिच्या खालची नस. पहिलीत टाचांवर चालता येत नाही, दुसरीत चवड्यांवर उभं राहता येत नाही. हातात अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल तर दाब मनगटात असण्याची शक्यता मोठी. करंगळी बधिर होत असेल तर कोपर तपासा. दोन्ही पावलांत बोटांपासून सुरू होऊन मोजे घातल्यासारखी वर सरकणारी आग ही एखादी नस दबल्याची खूण नव्हे. तिथे रक्तातली साखर, बी१२ जीवनसत्त्व अशी सर्व शरीराची कारणं शोधायची.

एक्स-रे किंवा एमआरआयच्या अहवालाला घाबरू नका. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्याही एमआरआयमध्ये मणक्यातली गादी थोडी बाहेर आलेली सर्रास दिसते. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही आणि सूज नाही, तर त्या आवाजाला एकट्याला महत्त्व नाही.

चौदा दिवसांची वही

एक साधी वही घ्या. दिवसातून दोनदाच लिहायचं: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाने आणि झोपण्यापूर्वी. चार गोष्टी पुरतात. दुखणं ० ते १० मध्ये किती, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला, त्या दिवशी सलग किती वेळ बसलात, चाललात, उभे राहिलात, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली. दर तासाला नोंद करू नका. सतत दुखण्याकडे बघत राहिलं की ते जास्त जाणवतं. चौदा दिवसांनी वही उलगडली की बऱ्याचदा कारण आपोआप समोर येतं: तीन तास सलग बसल्याच्या दुसऱ्या सकाळी कळ, किंवा सुट्टीच्या दिवशी सगळी साफसफाई एकदम केल्यावर दोन दिवस अंथरुण.

सांध्यासाठी: व्यायामाची मात्रा

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा दाबला जातो आणि सुटतो तेव्हा स्पंजासारखं तिच्यात द्रव शिरतो आणि बाहेर पडतो. तिचं पोषण त्यातून होतं. त्यामुळे पूर्ण विश्रांतीने सांधा आणखी आखडतो, आणि भोवतालचे स्नायू सुकले की सगळा भार हाडांवर येतो. पण ‘चाला, चाला’ असं नुसतं सांगून भागत नाही. किती, हे सांगायला हवं.

नियम असा. व्यायाम करताना दुखणं १० पैकी ४ पर्यंत गेलं तरी चालेल, पण २४ तासांच्या आत ते आधीच्या पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज दिसली किंवा दुखणं चढलेलंच राहिलं, तर व्यायाम बंद करू नका, मात्रा निम्मी करा. बहुतेक जण इथे चुकतात: पहिल्या दिवशी उत्साहाने तीसदा करतात, दुसऱ्या दिवशी उठवत नाही, आणि ‘व्यायाम मला सोसत नाही’ हा निष्कर्ष कायमचा ठरतो.

गुडघ्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत हे दोन प्रकार करा.

१. पाय लांब करून बसा किंवा पाठीवर झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे. ५ सेकंद धरा, ५ सेकंद सोडा. १० वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखायचा नाही; मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

२. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, पाऊल जमिनीवर. दुसरा पाय आधी मांडी घट्ट करून सरळ ठेवा आणि मग साधारण ३० सेंटिमीटर उचला. ५ सेकंद धरून हळू खाली. १० वेळा. गुडघा वाकडा ठेवून पाय वर फेकला तर सगळं काम जांघेचे स्नायू करतात आणि गुडघ्याला काही मिळत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठबस. गुडघ्यासाठी घरी करायचा एकच व्यायाम निवडायला सांगितला तर आम्ही हाच सांगू, म्हणून तो नीट बघा. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसण्याची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. उठताना हाताचा आधार घ्यावाच लागत असेल तर वर ५ ते १० सेंटिमीटर जाडीची टणक गादी ठेवा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. आता कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठा. उठायला २ आकडे, बसायला ४ आकडे. बसताना शेवटच्या वितीत धप्पकन अंग सोडून देण्याचा मोह होतो. नेमक्या त्या वितीतच मांडी सर्वांत जास्त राबते, तिथे आवरा. गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का बघा, आरसा समोर ठेवला तर लगेच दिसेल. झुकत असतील तर कुल्ल्याच्या बाहेरचे स्नायू कमजोर आहेत. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा आणि खुर्ची थोडी उंच करा. सुरुवात ५ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा ५. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. १०-१०चे तीन फेरे सहज झाले की गादी काढा.

प्रगती मोजायची असेल तर महिन्यातून एकदा, हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा आणि वहीत लिहा. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात काही वाटत नाही म्हणून सोडू नका.

याच्या जोडीला चालणं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे, म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही इतकी गती. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, आणि वय ६५ च्या पुढे असेल तर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. १५० हा आकडा बघून दडपून जाऊ नका. तीन दिवस, त्रास न वाढता किती मिनिटं चालता येतं ते बघा, त्याची सरासरी काढा, तिच्यातून पाचवा भाग वजा करा. तेवढ्यापासून सुरुवात, आणि दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त चालायचं नाही, हा नियमाचा कठीण भाग आहे.

वजनाबद्दल एकच आकडा पुरे. झिजेच्या गुडघेदुखीत एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो.

काठी, जिना, पिशवी

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की अंग त्या बाजूला कलतं आणि भार वाढतो. उंची मोजताना नेहमीचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या आतल्या घडीपाशी काठीची मूठ यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, घसरून पडण्याचं ते मोठं कारण आहे.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठड्याचा हात सोडू नका.

बोटांचे सांधे दुखत असतील तर पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी कोपराच्या पुढे किंवा पाठीवर घ्या. पेन, चमचा, चावी यांच्या मुठीवर फोम गुंडाळून जाड करा. बारीक वस्तू चिमटीत धरताना अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर चिमटीच्या कितीतरी पट दाब येतो.

शेक

ताठरपणाला गरम, नुकत्या आलेल्या सुजेला थंड. गरम शेक १५ ते २० मिनिटं, थंड १० ते १५ मिनिटं, आणि दोन्हीत कातडी आणि पिशवी यांच्यामध्ये कापड हवं. झोंबणारं मलम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. आणि जिथे बधिरपणा आहे तिथे शेक अजिबात नाही, कारण भाजलेलं कळतच नाही.

कमरेतून पायात उतरणारी कळ

मणक्यातली गादी सरकून नस दुखावली की पहिले काही दिवस जीव नकोसा होतो. तरी हे खरं आहे की बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय चांगला उतार पडतो. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं. सुरुवातीच्या धोक्याच्या खुणा नसतील तर पहिल्या आठवड्यातच एमआरआय काढून उपचारात सहसा काही बदलत नाही.

पहिले दोन-तीन दिवस: पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, कुल्ले आणि गुडघे दोन्ही काटकोनात. १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. सलग बसणं २० मिनिटांच्या वर नाही. पण दिवसभर पडून राहू नका, घरातल्या घरात दर तासाला चार-पाच मिनिटं चाला.

दुखणं कुठे सरकतं याकडे लक्ष ठेवा. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतून कुल्ल्यात आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी गाडी योग्य दिशेने आहे. एखाद्या हालचालीने कळ आणखी खाली पावलाकडे उतरत असेल तर ती हालचाल सध्या बंद.

धारदार कळ ओसरल्यावर नसेला सरकवण्याचा सराव सुरू करा. खुर्चीवर ताठ बसा. दुखऱ्या बाजूचा गुडघा हळू सरळ करत जाताना मान वर, छताकडे न्या; गुडघा परत वाकवताना हनुवटी छातीकडे आणा. एका टोकाने दोरी ओढताना दुसऱ्या टोकाने ढील द्यायची, तसं. १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा, कुठेही धरून न ठेवता आणि मुंग्या सुरू व्हायच्या आत थांबून. इथे एक चूक वारंवार होते: ‘शिरा मोकळ्या करायच्या’ म्हणून पाय सरळ ठेवून वाकून अंगठे धरले जातात. सुजलेल्या नसेला असं ताणलं की दुखणं दोन पावलं मागे जातं.

आणि धीर ठेवा. आधी दुखणं जातं, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी निघतो. इजा झालेला मज्जातंतूचा धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटरने.

हातातल्या मुंग्या

रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं: मनगटातल्या बोगद्यात नस दबल्याची ही ठरलेली तक्रार. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं खाली करा आणि ६० सेकंद धरा. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. उपाय म्हणजे रात्री मनगटाचा पट्टा, सलग किमान ६ आठवडे. पट्ट्यातली धातूची पट्टी मात्र तपासा. बऱ्याच पट्ट्यांत ती हात मागे वाकवलेला ठेवते. आपल्याला मनगट सरळ हवं, म्हणून ती काढून हाताने सपाट करून परत घाला. पट्टा इतका आवळू नका की सकाळी कातडीवर वळ दिसतील. गरोदरपणात, थायरॉइड मंदावल्यावर आणि मधुमेहात हा त्रास जास्त आढळतो, तेव्हा कारण नसताना दोन्ही हात धरले तर त्या तपासण्या करून घ्या. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या तर पट्ट्यावर वेळ घालवू नका.

करंगळीच्या मुंग्यांसाठी कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा, म्हणजे कोपर रात्रभर दुमडलेलं राहत नाही. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवयही सोडा.

पावलांची आग: तपासण्या आणि रोजची निगा

रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, बी१२, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन: सुरुवात इथून करा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, किंवा आहारात प्राणिजन्य पदार्थ जवळजवळ नसतील, तर बी१२ कमी असण्याची शक्यता वाढते. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्ताचं प्रमाण सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. दारूही नसा जाळते, हे स्पष्टच सांगायला हवं.

‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टनावर बी६ किती आहे ते वाचा. बी६ दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलं तर त्यानेच पायांत बधिरपणा येतो. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांत तेच जीवनसत्त्व असतं आणि बेरीज कुणी करत नाही.

पाय बधिर असतील तर ही निगा रोजची, एकही दिवस न चुकवता. रात्री उजेडात बसून दोन्ही पावलं बघा: वरून, बोटांच्या फटींत, आणि तळव्याखाली आरसा धरून. फोड, चीर, लाल डाग, ओलसर पांढरी पडलेली फट, गरम लागणारी जागा शोधायची. पाण्याची उष्णता पायाने नाही, कोपराने बघा. पाय भिजत घालून बसू नका. पुसताना बोटांच्या फटी कोरड्या करा. कातडी मऊ ठेवणारं क्रीम तळव्याला आणि टाचेला लावा, फटींत नको. नखं सरळ कापा, कोपरे आत खोदू नका. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटका आणि आत हात घालून फिरवा. खडा, वर आलेला खिळा, गोळा झालेलं अस्तर बधिर पायाला कळत नाही आणि दिवसभरात जखम होते. घरातही अनवाणी चालू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉन धाग्याची स्पर्शचाचणी करून घ्या, आणि जखम दिसली तर तेव्हाच दाखवा.

औषधं: कोणतं कशासाठी

गुडघा आणि हाताच्या बोटांच्या झिजेवर आधी डायक्लोफेनॅकचं जेल वापरून बघा. गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, ही नेहमीच्या १ टक्का जेलची पूर्ण मात्रा. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. आठवडा-दोन आठवडे नियमाने लावा. खुब्याचा सांधा खोल असतो, तिथे जेल पोचत नाही.

पॅरासिटामॉलचा झिजेच्या दुखण्यावर उपयोग माफकच. प्रौढांना २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, दोन मात्रांत किमान ४ तास अंतर. वजन ५० किलोच्या आत, यकृताचा विकार किंवा नियमित दारू असेल तर मर्यादा याहून खाली, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या एकाच कुळातल्या गोळ्या आहेत. दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठराला जखम होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि या कुळातली वेदनाशामक गोळी असं त्रिकूट जमलं, त्यात उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी घटलं, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं.

नसेच्या आगीवर वरच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. तिथे डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात. यातली दोन औषधं नैराश्यावरही वापरतात हे कागदावर वाचून दचकू नका. नसेच्या दुखण्यावरचा त्यांचा उपयोग स्वतंत्र आहे. सुरुवात कमी मात्रेने, उदाहरणार्थ अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलीग्रॅम, आणि हळूहळू वाढ. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत गुंगी येते, वाहन चालवू नका, रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर एक मिनिट बसा. यातलं कोणतंही औषध एकदम बंद करायचं नाही.

दाहाच्या संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत वार लिहून ठेवा.

आणि लेबल नसलेली पुडी, घटक न सांगणारा काढा, दोन दिवसांत जादू करणारी गोळी यांपासून जपा. अशा मालात स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेत असाल तर अचानक थांबवणंही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा.

दुखणं उसळलं तर

सगळं नीट चालू असतानाही एखादा वाईट आठवडा येतो. त्यासाठी आधीच एका कागदावर योजना लिहून कपाटाच्या दारावर लावा. पहिले ४८ तास चालणं आणि व्यायाम निम्म्यावर, शून्यावर नाही. शेक, आराम देणारी झोपण्याची स्थिती, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दिलेल्या वेळेला. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, कारण झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त बोचतं. तिसऱ्या दिवशी पाऊण मात्रा, आठवड्याच्या शेवटी पूर्ण. सात दिवसांनी उतार नसेल, किंवा नव्याने बधिरपणा वा अशक्तपणा आला असेल, तर वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने अहवाल एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे. तिथे ‘खूप दुखतं’ याऐवजी सांगा: कुठून सुरू होऊन कुठपर्यंत जातं, किती मिनिटं बसल्यावर वाढतं, रात्री किती वेळा जाग येते, आणि आधी जमत होती अशी कोणती एक गोष्ट आता जमत नाही.